उजव्या कुशीवर

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस काही पडत नव्हता. चोवीस सालचा डिसेंबर, तीस तारीख, सोमवार. दोन दिवस आधीच अवकाळीनं येऊन हरभरा आडवा केला होता, आणि आता नुसतं कुंद. ऊन नाय, वारा नाय. थंडी अंगात शिरून बसलेली. दोरीवर टाकलेलं धोतर संध्याकाळपर्यंत ओलंच. त्यात सोमवती अमावास्या, म्हणजे रात्री चंद्राचीही आशा नाय.

हिमानी, तू उद्यापासून ऑपरेशनच्या खोलीतलं काम शिकायला जाणार, म्हणून ही गोष्ट तुला सांगतो. मंदार, तू शेकोटीत दोन काटक्या घाल आणि मधे बोलू नको. हे माझ्यासोबत घडलेलं नाय. माझा साडू पुंडलिक, तुमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, त्याच्यासोबत घडलं. पुंडलिक खोटं बोलणारा माणूस नाय. बोलणाराच कमी. चिडका मात्र लई.

तो शहरात जालना रोडच्या आतल्या अंगाला एका खाजगी दवाखान्यात कामाला होता. दवाखान्याचं नाव घेत नाय, घेऊन काय करायचं. तिथं त्याला लहानमोठे सगळे मामा म्हणायचे. त्याचं काम म्हणजे पेशंटला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं आणि डॉक्टर म्हणतील तसं झोपवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ते टेबल आपल्या एसटी स्टँडवरच्या बाकड्याएवढंच रुंद. भूल दिली की माणूस मळलेल्या कणकेसारखा होतो, जिकडं कलवाल तिकडं जातो. मूत्रपिंडाचं ऑपरेशन असलं तर त्याला कुशीवर झोपवतात आणि वरून टेबल मधोमध वाकवतात. मग काखेच्या खाली छातीला गुंडाळी, गुडघ्यांच्या मधे उशी, आणि कमरेवरून एक रुंद पट्टा. त्या पट्ट्यावर सगळा भरवसा.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, मनस्विनी मॅडम. कडक, पण माणूस चांगला. त्यांनी पुंडलिकला पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "मामा, आपला हात झोपेत अवघडला की आपण कूस बदलतो. ह्या माणसाला ते जमत नाही. त्याचा हात दुखतोय, हे त्याच्या वतीनं आपल्याला कळलं पाहिजे."

आता त्या सोमवारचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाईचं ऑपरेशन होतं. चंपाबाई म्हणजे पुंडलिकची शेजारीण, भिंतीला भिंत. विधवा बाई. वाळूजच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांना डबे करून द्यायची. पहाटे बस यायच्या आधी शंभराच्या वर भाकरी थापायची, आणि तोंड त्या हाताहून जोरात चालायचं. मूत्रपिंडात एवढा खडा झाला की आता कापल्याशिवाय इलाज नव्हता. सरकारी योजनेतली मंजुरी ह्याच दवाखान्याची. पुंडलिकच म्हणाला होता, आमच्याकडं चला, मी हाय.

आणि दोनदा तिला परत पाठवलेलं. एकदा मोठे डॉक्टर परगावी. दुसऱ्यांदा पट्टा नाय.

पट्ट्याची शिवण उसवून महिना झाला होता. मॅडमनी सरळ सांगितलं, पट्टा नाही तर कुशीवरची केस नाही. बरोबरच होतं त्यांचं. पुंडलिक रोज खाली स्टोअरला जायचा. तिथं हिमांशू म्हणून पोरगा बसायचा. सोमवारी दुपारी पुन्हा गेला.

"मागवलाय, मामा."

"कधी?"

"मागेच."

"मागं म्हणजे दिवाळीच्या मागं का गणपतीच्या?"

"कंपनीकडून यायचाय. उद्या येईल बहुतेक."

"उद्या सकाळी बाई टेबलावर असंल. तवर तिला काय तुझ्या बहुतेकनं बांधू?"

पोरगं हसलं. पुंडलिकला ते हसणं असं लागलं की तो तिथूनच वॉर्डात गेला. चंपाबाई खाटेवर बसलेली, हाताला सुई लावलेली.

"ये रे पुंडल्या. रात्रीपासून उपाशी ऱ्हा म्हणत्यात. तिसरी बारी हाय. खडा काढताय का मला भुकेनंच वाळवून हलकी करताय?"

"उद्या होतंय, बाई. नक्की."

"दोनदा नक्कीच होतं." मग तिनं आवाज खाली आणला. "एक विचारू? तुमच्याकडं कुणा माणसाचा हात गेला म्हणत्यात ऑपरेशनात. खरं का?"

पुंडलिक तिच्या हाताच्या सुईवरची पट्टी नीट करायला लागला.

"माझ्या पोटाचं डॉक्टर बघतील रे. हाताचं तू बघ. हा हात पडला तर त्या पोरांना तू भाकरी घालशील का? तुझी भाकरी तर कुत्रं बी हुंगून सोडतंय."

"मी हाय ना," पुंडलिक म्हणाला.

तेवढं म्हणून त्यानं कपाटातून तो उसवलेला पट्टा काढला, पिशवीत घातला आणि शिवून आणायला बाहेर पडला. मॅडमना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आणा. मी स्वतः ओढून बघेन. टिकला तर बांधू."

आता ऑपरेशनचा पट्टा कोण शिवणार? चांभाराकडं गेला, तो म्हणाला नवार जाड हाय, माझी सुई मोडंल. दुसरा म्हणाला उद्या या. तिसऱ्याचं दुकान अमावास्येमुळं बंद. रस्त्यावर ही गर्दी, रिक्षा हलंना, ढगामुळं चार वाजताच अंधारून आलेलं. पुंडलिक स्वतःशीच बडबडत चालला होता. आणि ज्या दुकानात जायचं नाय असं त्यानं ठरवलं होतं, शेवटी त्याच दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. शहागंजाच्या मागल्या गल्लीत, रिक्षाच्या सीटा शिवणारं दुकान.

त्या दुकानाची गोष्ट अशी. ते दुकान अबुजर नावाच्या माणसाचं. दवाखान्याच्या स्ट्रेचरला, बाकड्यांना रेक्झिन तोच शिवायचा, म्हणून पुंडलिकची ओळख. दोन सालांमागं त्यालाही मूत्रपिंडाचा त्रास झाला आणि तो ओळखीनं तिथंच आला. त्या दिवशीही पट्टा तुटलेलाच होता. पुंडलिकनं बँडेजच्या पट्ट्या बांधून दिल्या होत्या. त्याला उजव्या कुशीवर झोपवलं, आणि मधेच मोठ्या डॉक्टरांनी पुंडलिकला काही आणायला खाली पाठवलं. टेबल वाकवल्यावर बँडेज सैल झालं, अंग चार बोटं सरकलं, छातीखालची गुंडाळी निघाली, आणि सगळा भार खालच्या खांद्यावर आला. वरून हिरव्या चादरी. कुणालाच दिसलं नाय. ऑपरेशन चांगलं झालं. अबुजर जागा झाला, आणि त्याचा उजवा हात जागा झाला नाय.

सालभर तो विजेचे शेक घ्यायला येत राहिला. जिन्यात भेटला की डाव्या हातानं उजवा हात उचलून पुंडलिकला सलाम करायचा. वाकडं कधी बोलला नाय. पुढं एका रात्री झोपेतच गेला. दुकान त्याचा भाऊ दाऊद बघायला लागला.

दाऊदनं पिशवीतला पट्टा बघितला आणि हातातली कात्री खाली ठेवली.

"ये तुमारे दवाखाने का ना, मामू?"

"व्हय."

"भाई के टाइम पे ये किधर था?"

पुंडलिक पायरीवर उभा.

"अब किसकू बांधने का है?"

"माझी शेजारीण हाय. भाकऱ्या करती. हातावर पोट हाय तिचं."

दाऊदनं उसवलेल्या शिवणीत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "बैठो." दुकानाच्या मागं एक मशीन कापडानं झाकलेलं होतं. त्यानं कापड काढलं. "मोटा माल भाई इसपेच सीता था. उसके बाद कोई नईं बैठा इसपे. मेरी मशीन पे ये नईं होने का."

खट् खट् खट् करत त्यानं चार चार टाके घातले. पट्टा देताना एवढंच बोलला, "मामू, भाई बोलता था, सीट सिए तो पैले खुद बैठ के देखो, फिर गिऱ्हाईककू बिठाव. तुम बी खुद सो के देखना."

आता सांगा, हे काम करायला हवं होतं का? मला विचाराल तर नको होतं. ज्याचं नुकसान झालं त्याच्याच मशीनवर, अमावास्येला, तीच वस्तू... पण पुंडलिकपुढं दुसरी वाट काय होती? हिमांशूचा पट्टा उद्या यायचा होता.

दवाखान्यात परत आला तर मॅडम घरी गेलेल्या, सकाळी बघते असा निरोप ठेवून. लिफ्ट बंद. ओटी, म्हणजे ऑपरेशनची खोली, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून गेला. रात्री एक अपघाताची केस आली, ती आवरेस्तोवर एक वाजून गेला. सिस्टर खाली वॉर्डात गेली. ओटीत पुंडलिक एकटा. म्हणाला, सकाळी घाई नको, आत्ताच टेबल लावून ठेवतो.

टेबल पुसलं. गादी घातली. पट्टा दांड्याला लावला, दुसरं टोक बकलात घालून ओढून बघितलं. टिकला. पण नुसत्या गादीवर टिकणं वेगळं, आणि चंपाबाईच्या वजनाला टिकणं वेगळं. त्याला दाऊदचं बोलणं आठवलं.

मग त्यानं चपला काढल्या आणि स्वतःच टेबलावर चढला.

लाजच वाटली त्याला. इतकी वर्षं दुसऱ्यांना झोपवलं, स्वतः कधी त्या टेबलाला पाठ लावली नव्हती. चंपाबाईला जसं झोपवायचं तसाच झोपला. उजव्या कुशीवर. उजवा हात खाली, डावा वर मोकळा. डाव्या हातानं पट्टा कमरेवरून घेतला आणि पुढच्या बाजूला बकल लावलं. अंगानं जोर देऊन बघितला. पट्टा दगडासारखा. दिवसभरात एक गोष्ट मनासारखी झाली.

आता उठावं म्हणून बकल काढायला गेला.

बकल निघंना.

"आयला, आता तुझं काय?" तो बकलाला म्हणाला. नखानं उचकलं. हिसका दिला. निघंना. सकाळपासून प्रत्येक वस्तूनं त्याच्याशी असंच वागायचं ठरवलं होतं. त्याला राग आला, मग स्वतःचंच हसू आलं. म्हणाला, आता सिस्टरला हाक मारावी लागणार, आणि उद्या सगळा दवाखाना हसणार.

तेवढ्यात पाठीमागं आवाज आला.

खट्. खट्. खट्.

तिसऱ्या मजल्यावर. रात्री. शिवणाचं मशीन पायानं हळूहळू चालवावं तसा.

पुंडलिक कुशीवर. मागचं काही दिसत नव्हतं. समोर नुसती भिंत, आणि भिंतीवर ट्यूबचा उजेड. ट्यूब चांगली जळत होती. अंधार नव्हता. त्यानं हे मला दोनदा सांगितलं. दाजी, अंधार नव्हता.

आवाज थांबला.

मग कुणीतरी त्याचं डोकं उचललं.

हळूच. दोन बोटं उचललं. डोक्याखाली त्याचा कान दुमडला होता, तो सरळ केला. डोकं परत खाली ठेवलं.

मग छातीखाली गुंडाळी आली. जिथं यायला पाहिजे तिथंच.

मग गुडघ्यांमधे उशी.

सगळं बरोबर. सगळं पुंडलिक करतो तसं. त्याला वाटलं, सिस्टर असंल, चेष्टा करत असंल. "कोण हाय?" म्हणायला तोंड उघडलं.

आवाज निघाला नाय.

जीभ जड. ओठ जड. डावा हात बकलावर होता, तो तिथंच राहिला. बोटं हलंनात. डोळे मात्र उघडे. कानाला सगळं ऐकू येतंय...

मग टेबल गुरगुरलं.

टेबल वाकवायचं बटण तिकडं, पायाशी, वायरीला लोंबत होतं. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. टेबल मधोमध वर यायला लागलं. कंबर वर. डोकं खाली. पाय खाली. हळू... हळू...

आणि छातीखालची गुंडाळी कुणीतरी काढून घेतली.

सगळा भार उजव्या खांद्यावर आला. आधी कळ. मग हातात मुंग्या. लाखो मुंग्या. पुंडलिक मनात ओरडला, अरे हात... माझा हात... बघा कुणीतरी. तोंडातून हुंकारही नाय. मुंग्या थांबल्या. हात गार पडला. मग गारही लागंना. आपला हात कुठं संपला आणि गादी कुठं सुरू झाली, ते कळंना.

किती वेळ गेला, तो सांगू शकला नाय.

मग अगदी कानाशी...

"मामू."

आवाज रागाचा नव्हता.

"बोलो ना, मामू."

...

"नईं बोल सकते ना."

...

"मैं बी नईं बोल सका."

पुंडलिकच्या डोळ्यांतून पाणी गळून गादीवर पडत होतं. ते पुसताही येईना. मागं कुणीतरी उभं होतं. श्वास नव्हता. पण उभं होतं.

"कल हाथ कौन देखेगा?"

पुंडलिकला एकच शब्द म्हणायचा होता. मी. एवढंच. मी.

नाय आला.

"कौन देखेगा?"

मी... मी बघंन... मी...

नाय.

ट्यूब नुसती घूं करत होती.

मग मागून आलं, "ठीक है."

आणि संपलं.

सकाळी मालनबाई, झाडलोट करणारी मावशी, फडकं घेऊन आत आली तर मामा टेबलावर आडवे.

"अवं मामा! लाज हाय का नाय? मी आयुष्यभर फरशीवर बसून भाकर खाल्ली, आणि तुम्ही साहेबाच्या टेबलावर झोपा काढताय!"

पुंडलिक धडपडत उठला. बकल उघडं होतं. पट्टा बाजूला लोंबत होता. टेबल सपाट. उजवा हात दुपारपर्यंत त्याला आपला वाटला नाय.

काय म्हणतोस मंदार? झोप लागली असंल, हात अवघडला असंल? असंल की. मीही त्याला तेच म्हणालो. तो म्हणाला, दाजी, असंच असावं अशी माझीही इच्छा हाय. पुढं ऐक.

सकाळी मॅडम आल्या. पट्टा दोन हातांनी ओढून बघितला, शिवणीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "कुणी शिवला हो? छान शिवलाय." पुंडलिकनं नाव सांगितलं नाय. पट्टा औषधानं पुसून घेतला आणि चंपाबाईला आत आणलं. भूल द्यायच्या आधी ती त्याला म्हणाली, "पुंडल्या, तोंड का असं उतरलंय? मेली तर मी मरंन, तू नाय." मग तिला भूल चढली आणि ते तोंड पहिल्यांदा गप्प झालं.

पुंडलिकनं तिला उजव्या कुशीवर घेतलं. कान सरळ केला. गुंडाळी, उशी, पट्टा. खालचा हात टेबलाला जोडलेल्या फळीवर ठेवला, मनगटाखाली मऊ घडी. मॅडमनी सगळं परत स्वतः तपासलं. मग चादरी पडल्या, आणि पुंडलिक बाईच्या उजव्या हाताशी स्टूल घेऊन बसला. मनात म्हणाला, आज मी हलत नाय. देव जरी बोलवायला आला तरी नाय.

आणि तासाभरानं रक्त कमी पडलं.

दोन बाटल्या होत्या, अजून लागणार होत्या. वॉर्डबॉय सुट्टीवर. वर्षाचा शेवटचा दिवस, निम्मा दवाखाना सुट्टीवर. मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्हीच जा. पळत जा."

"मॅडम, हात..."

"मामा, रक्त नसेल तर हात घेऊन काय करू? मी बघते हाताकडं. जा."

त्याही काय करणार? बाईचं बीपी खाली चाललेलं, त्यांचे दोन्ही हात गुंतलेले. पुंडलिक उठला. मला सांगताना सुद्धा त्याच्या मुठी वळत होत्या. म्हणाला, दाजी, त्याही वेळी मला असंच बाहेर काढलं, आणि आताही. हे कुणी ठरवतं का?

रक्तपेढीतून पिशव्या मिळाल्या त्या कागदाला कागद जोडून. परत येताना क्रांती चौकात रिक्षा अडकली. एकतीस डिसेंबर, पोलिसांनी लोखंडी जाळ्या लावून निम्मा रस्ता बंद केलेला. गाड्यांचे भोंगे, मोटारसायकलींवर शिट्ट्या मारणारी पोरं. पुंडलिक रिक्षातून उतरला, पिशव्या छातीशी धरून गाड्यांच्या मधून पळाला. एका गाडीवाल्यानं शिवी दिली. ह्यानंही दिली. वरून भुरभुर पाऊस सुरू झाला. लिफ्ट अजून बंदच. तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा बोलताही येत नव्हतं.

पिशव्या सिस्टरच्या हातात दिल्या आणि तो सरळ चादरीखाली वाकला.

हात जागेवर होता.

फळीवर, मऊ घडीवर, जसा ठेवला तसा. गार नव्हता. बोटं गुलाबी. खांदा मोकळा. छातीखालची गुंडाळी जागची हललेली नाय. पुंडलिक म्हणाला, मला तिथंच रडू यायचं बाकी होतं.

मग त्याला मनगट दिसलं.

मनगटावर बोटांच्या खुणा. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. कुणीतरी घट्ट धरून ठेवावं आणि आत्ताच सोडावं, तशा. पांढऱ्या.

"हात कुणी धरला होता?" त्यानं विचारलं.

सिस्टर म्हणाली, "कोण धरणार? आम्ही सगळे इकडं."

मॅडमनी यंत्रावरची नजर काढली नाय. "मी दोनदा चादर उचलून बघितलं, मामा. टेबल आणखी वाकवलं तेव्हा बाई थोड्या हलल्या, पण हात काही हलला नाही. अगदी कुणी धरल्यासारखा."

पुंडलिकनं आपली बोटं त्या खुणांवर ठेवून बघितली. जुळली नायत. त्या हाताची बोटं लांब होती. आणि ज्या बाजूनं ती धरलेली होती, त्या बाजूला भुलीचं यंत्र भिंतीला टेकवलेलं. तिथं माणूस उभा राहायला जागाच नव्हती.

ऑपरेशन झालं. मॅडम खुणांकडं बघून म्हणाल्या, तासाभरात जातील.

संध्याकाळ झाली तरी गेल्या नव्हत्या.

पुंडलिक वॉर्डात गेला. बाहेर फटाके वाजायला लागले होते. चंपाबाई जागी झालेली, चेहरा उतरलेला, पण डोळे तेच. तो जवळ जाताच आधी घाबरून म्हणाला, "बाई, उजवा हात उचला."

तिनं डावाच उचलला. बोटं हलवली, मूठ वळली, त्याच्यापुढं नाचवली.

"उजवा, बाई. उजवा."

"चांगला हाय की. बोटं हलत्यात, बघ." तिनं अंथरुणावरच उजव्या हाताची बोटं हलवली. सगळी पाच. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला बसावंसं वाटलं. तो खाटेशेजारच्या स्टुलाकडं वळला.

"तिथं नको," ती घाईनं म्हणाली.

पुंडलिक थांबला. स्टूल रिकामं होतं.

"उजवा हात उचला ना, बाई," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाय.

चंपाबाईनं त्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं. मग त्याच्याकडं. उभ्या आयुष्यात ही बाई कुणाशी इतकं हळू बोलली नसंल. ती म्हणाली, "कसा उचलू? तूच सांग की ह्याला, पुंडलिक. भला माणूस हाय, सकाळपासून बसलाय. म्हणावं, झालं आता ऑपरेशन... सोड म्हणावं हात."